'सर्वानुमते' म्हणजे कुणाच्या मते?

आमच्या वस्तीतल्या विहार समितीचे इतिवृत्त गेली अकरा वर्षे मी लिहितो. ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिण्याची सवय हाताला इतकी जडली होती की ते लिहिताना डोके चालवावे लागत नसे. गेल्या वर्षी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत गाळे बांधून ते भाड्याने द्यावेत, असा ठराव आला. चौघेजण बोलले. त्यातले दोघे एकमेकांवर धावून गेले. बाकीची साठ-सत्तर माणसे, आणि मागे बसलेल्या सगळ्या बाया, गप्प होत्या. मी नेहमीचा शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, समद्यांनी हो म्हटलं असं लिवलंय म्हनं. मी कवा हात वर केला व्हता?"

मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न घेऊन मी पुन्हा महाडच्या इतिहासाकडे वळलो.

महाड म्हटले की चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचे दहन एवढेच आपण सांगतो. पण समाजाचा निर्णय कोण घेतो आणि कुणाच्या नावाने घेतो, हाही महाडचा विषय आहे. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला संमत झाला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला तळे अस्पृश्यांना खुले केले, तेही कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मग आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परिषदेच्या लोकांवर काठ्या पडल्या. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात नरहरी दामोदर वैद्य व इतरांनी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. तो दावा त्यांनी लावला महाडच्या समस्त सवर्ण हिंदूंच्या वतीने!

समस्तांना विचारले कुणी? सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे हे तर उघड बाबासाहेबांच्या बाजूला उभे होते. उरलेले गाव गप्प होते, आणि त्याचे गप्प राहणे वादींच्या खात्यावर जमा झाले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. सवर्णाचे मौन आणि आपले मौन यांना एकाच तागडीत घालता येत नाही. तो गप्प राहिला तर तळे त्याचेच राहात होते. आपला माणूस बोलला तर त्याचे काम बंद, बलुते बंद, प्रसंगी गावकुसाबाहेरची झोपडीही जाणार. पहिले मौन सोयीचे होते, दुसरे पोटाचे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला काढलेल्या पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले, ते या दुसऱ्या मौनाची जाण ठेवून, असे मला वाटते.

पण मुक्यांचा नायक होण्यात एक धोका असतो. नायकाचा आवाज ऐकू आला की मुक्यांना विचारायचे राहून जाते. म्हणूनच डिसेंबर १९२७ ची परिषद मला महत्त्वाची वाटते. मनाईहुकूम झुगारून सत्याग्रह करावा की नाही, यावर मंडपात भाषणे झाली. जयघोषाने मंडप दणाणला असणार. पण जयघोषाला किंमत मोजावी लागत नाही. तुरुंगात जायची ज्यांची तयारी आहे त्यांची नावे नोंदवून घेण्यात आली. चरित्रकारांनी हा आकडा ३,८८४ दिला आहे. व्यासपीठावर चढून दोन वाक्ये बोलायचे ज्यांना जमले नसते, त्यांनी आपले नाव लिहून दिले.

आणि तरीही सत्याग्रह तहकूब झाला. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावे, हे बाबासाहेबांनी लोकांना पटवून दिले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. पाण्याला कुणी हात लावला नाही. ज्यांनी नावे दिली त्यांना काय वाटले असेल? काहींच्या घशाखाली हे उतरले नसेल. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने. तहकुबी चुकली की बरोबर, हा वाद आजही करता येईल. माझा मुद्दा एवढाच की, आधी माणसे मोजली आणि मग त्यांच्याकडे संयम मागितला. न मोजता मागितला असता तर तो हुकूम झाला असता.

पुढे आपण हे मोजणे विसरलो. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि दोन वर्षांत 'दुरुस्त', 'नादुरुस्त' अशी त्याची शकले झाली. भांडण शिकलेल्या, बोलक्या माणसांचे होते. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन जे लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, त्यांना या फुटीबद्दल कुणी विचारले होते? आणि बायांना तर त्याहून कमी. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाची बंदी यांचे ठराव तिथे झाले. या बायांचे म्हणणे मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकातून आपल्यापर्यंत पोचायला १९८९ साल उजाडावे लागले. बाया तेव्हाही बोलत होत्या. इतिवृत्त लिहिणारे माझ्यासारखेच होते.

त्या म्हातारीने विचारल्यावर मी इतिवृत्ताची वही घेऊन घरोघर गेलो. चार संध्याकाळी गेल्या. एका बोलक्या सभासदाने मला 'फूट पाडणारा' ठरवले. बहुतेक बायांनी मात्र सभेत कुणाच्याच तोंडून न आलेली गोष्ट सांगितली: गाळे बांधा, पण एक गाळा पोरींच्या अभ्यासिकेला ठेवा आणि भाड्याचा हिशेब दर महिन्याला विहाराच्या भिंतीवर लावा.

पुढच्या सभेत तो ठराव ३८ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला. नऊजणांनी मत दिले नाही. तेही मी लिहून ठेवले आहे.