विंचवाचें विष आणि महाडचा शोध

श्रोतेहो, विंचू ठाऊक नाहीं असा महाराष्ट्रीय माणूस सांपडणें कठीण. नाथांच्या भारुडांत तो माणसाच्या विकारांचें रूप घेऊन येतो. वारंवार घर बदलणाऱ्या गृहस्थास आपण विंचवाच्या बिऱ्हाडाची उपमा देतों. आणि ज्यांनीं तो केवळ चित्रांत पाहिला त्या शहरवासीयांनाहि त्याच्या नांगीची धास्ती असतेच. परंतु त्या नांगींतील थेंबभर विषानें माणूस मरतो तो नेमका कशानें, हें नीट कळावयास आणि कळल्यावर तें मरण टाळतां यावयास विसाव्या शतकाचें शेवटचें पाव शतक उजाडावें लागलें. या शोधाचा महत्त्वाचा टप्पा मुंबईच्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर पूर्वीच्या कुलाबा आणि आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाड तालुक्यांत पार पडला. ती हकीकत आज मला सांगावयाची आहे.

प्रथम विंचवाविषयीं दोन शब्द. आमच्या सावद्याकडे, तापीच्या कांठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, लोक मुख्यत्वें दोन प्रकारचे विंचू ओळखतात. एक काळी इंगळी. ही आकारानें थोराड, आंकडे जाडजूड, आणि पाहतांच अंगावर कांटा आणणारी. दुसरा तांबूस रंगाचा, दोन-तीन इंच लांबीचा, बारीक आंकड्यांचा विंचू. लोक भितात इंगळीला. वास्तविक तिचें विष सौम्य. डंख झोंबतो, पण जिवावर सहसा बेतत नाहीं. ज्याचे आंकडे बारीक आणि शेपटी जाड तो विंचू घातक, असा प्राणिशास्त्रज्ञांचा एक ढोबळ आडाखा आहे, आणि तो आमच्या तांबड्या विंचवाला पुरेपूर लागू पडतो. याचें शास्त्रीय वर्णन फाब्रिसियस या डॅनिश पंडितानें १७९८ सालींच करून ठेविलें होतें. कोंकण, देश, सौराष्ट्र, आंध्र अशा विस्तीर्ण मुलखांत हा विंचू आढळतो. गोवऱ्यांची रास, सरपण, दगडी गडग्यांच्या फटी आणि कौलांखालची सांवली हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें.

जातां जातां एक कबुली देतों. विंचवाचीं पिलें आईच्या पाठीवर बसून तिलाच खातात, असें मीं वर्गांत कित्येक वर्षें मुलांना सांगितलें आहे. तें साफ खोटें आहे. पिलें पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवर केवळ बसून असतात आणि मग खालीं उतरून आपापल्या वाटेनें जातात.

आतां मूळ विषयाकडे वळतों. १९८४ सालच्या पावसाळ्याची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालों होतों आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका लहान गांवीं माझी नेमणूक होती. माझ्या वर्गांतील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलास सायंकाळीं सरपण काढतांना तांबडा विंचू चावला. गांवांत डॉक्टर नव्हता. उतारा टाकणारा एक जाणता होता. त्यानें मंत्र घातला, आणि घटकाभरांत मुलाचें रडणें थांबलें. बोट दुखतें का, असें विचारतां तो नाहीं म्हणाला. विष उतरलें, असें सर्वांनीं मानलें. मीहि मानलें, आणि मुलाच्या आईला तसें सांगूनहि आलों. त्याला घाम फार सुटला होता, दोनदां उलटी झाली होती आणि हात बर्फासारखे गार पडले होते. पाऊस पडत असल्यामुळें गारठा असेल, असें मला वाटलें. पहांटे त्याला धांप लागली, तोंडावाटे तांबूस फेंस आला, आणि उजाडण्यापूर्वीं तो गेला.

मंत्र घालणाऱ्यास मी दोष देत नाहीं. त्याच्या यशाचें गणित मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें. विंचू चावलेल्या माणसांपैकीं बहुतेक कांहींहि न करतां बरीं होतात. कोणाला इंगळी चावलेली असते, कोणाच्या अंगांत विष पुरतें उतरलेलेंच नसतें. अशा शंभरांवर मंत्र घातला तर त्यांतले पुष्कळसे मंत्रानेंच उठले असें दिसणार. जो उठत नाहीं त्याचें आयुष्यच सरलें होतें, असें म्हणावयाचें. मंत्र न घातलेले शंभर शेजारीं उभे करून कोणी मोजले नाहींत, एवढेंच काय तें उणें!

शास्त्रज्ञ मात्र या विषाच्या मागें फार पूर्वीपासून लागले होते. कैरो येथें चार्ल्स टॉड यांनीं १९०९ सालीं विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. जनावरास विष थोडथोडें टोंचून त्याच्या रक्तांतून औषध काढावयाचें, ही सर्पविषाची पद्धतच त्यांनीं येथें लाविली. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेंतील डॉ. पी. जे. देवरस, ज्यांचें भारतीय सर्पांवरील पुस्तक पुष्कळांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं महाराष्ट्रांतील विंचवांचाहि अभ्यास केला. १९६१ सालीं डॉ. मुंडले यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली, ती ही कीं विंचू चावल्यानंतर रोग्याच्या फुप्फुसांत पाणी भरतें. माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडाला आलेल्या फेंसाचें कारण हेंच. पुढें इस्रायलमधील बीरशेबा येथील डॉ. गेरॉन यांनीं १९६७ सालीं दाखवून दिलें कीं अशा रोग्याच्या हृदयाला जबर इजा पोंचते. शिवाय अ‍ॅड्रेनॅलिन व त्याच्या जातीचीं द्रव्यें त्याच्या शरीरांत भलत्याच प्रमाणांत सुटतात, हेंहि त्यांच्या तपासण्यांतून दिसून आलें.

इतकें कळलें, तरी खेड्यांतला रोगी मरतच होता. याच सुमारास, म्हणजे १९७६ सालीं, महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचें नांव डॉ. हिम्मतराव बावस्कर. त्यांचें जन्मगांव देहेड हें जालना जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांत आहे. आम्हां खानदेशकरांच्या दृष्टीनें अजिंठ्याचा डोंगर ओलांडला कीं तो मुलूख लागतो. बिरवाडीस त्यांच्यापाशीं फारशीं उपकरणें नव्हतीं. नाडी मोजावयास घड्याळ, रक्तदाबाचें यंत्र, कानाला लावावयाची नळी आणि एक वही, एवढ्यावरच मुख्य भिस्त. विंचू चावलेल्या रोग्याच्या खाटेजवळ बसून ते तासातासाची स्थिति टिपून ठेवूं लागले.

या टिपणांतून निघालेला निष्कर्ष १९८२ सालीं लंडनच्या लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत छापला गेला. विंचू चावल्यावर उलटी, सर्वांगास दरदरून घाम, तोंडाला सुटलेलें पाणी आणि गार पडलेले हातपाय हीं लक्षणें दिसलीं, तर पुढें हृदयावर संकट येणार, अशी ती सूचना समजावी. वेदनेच्या तीव्रतेवरून विषबाधेची तीव्रता ठरवूं नये. जो किंचाळतो तो पुष्कळदां बचावतो आणि जो शांत पडून असतो त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावें लागतें. श्रोतेहो, हा लेख छापून झाल्यावर दोन वर्षांनीं मी त्या मुलाच्या आईला धीर देत होतों. लॅन्सेट आमच्या गांवीं येत नव्हतें, हें खरें. पण गार हाताला गार म्हणण्यासाठीं लॅन्सेटची जरूर नव्हती.

आतां हें विष करतें काय? मज्जातंतूंच्या आवरणांत सोडियमचे कण आंत घेणारीं सूक्ष्म दारें असतात. विषामुळें तीं वेळेवर मिटत नाहींत. त्यामुळें मज्जातंतु सारखे खवळलेले राहतात, अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर लोटतो, आणि शरीरभर रक्तवाहिन्या आंखडतात. हातपाय गार पडतात ते म्हणूनच. केळीच्या बागेंत पंप पूर्ण जोरानें चालू ठेवून पुढचे सारे व्हाल्व कोणी बंद करावे, तशी हृदयाची गत होते. तें जोर करून करून थकतें, आणि रक्ताचा तुंबारा मागें फुप्फुसांवर येऊन तेथें पाणी झिरपूं लागतें.

पंपाची ही स्थिति ध्यानांत आली म्हणजे जुने उपचार कां फसले हेंहि कळतें. कोणी अ‍ॅट्रोपिन देत, कोणी स्टेरॉइड, कोणी गुंगीच्या औषधांचें मिश्रण. अ‍ॅट्रोपिननें तर आधींच धांवणारें हृदय आणखी धांवे. बावस्करांनीं व्हाल्व उघडण्याची वाट धरली. रक्तवाहिन्या सैल करणारें सोडियम नायट्रोप्रुसाइड हें औषध त्यांनीं आरंभीं वापरलें. पण तें शिरेवाटे थेंबथेंब द्यावें लागतें आणि रोग्यावरची नजर क्षणभरहि हलवितां येत नाहीं. खेड्यांत हें जमावें कसें? मग त्यांनीं प्राझोसिन घेतलें. रक्तदाबाच्या रोग्यांसाठीं निघालेली ही साधी पोटांत घ्यावयाची गोळी अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांची रक्तवाहिन्यांवरची पकड सोडविते. १९८६ सालीं डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यावरील लेख लॅन्सेटमध्यें आला. त्यांच्या नोंदींप्रमाणें या गोळीपूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. नंतर हें प्रमाण शेंकडा एकाच्याहि खालीं उतरलें.

एक चिकित्सक श्रोता येथें म्हणेल कीं हीहि तुलना पूर्वीचे आणि नंतरचे अशीच आहे; शेजारीं शेजारीं उभें करून मोजणें येथेंहि नाहीं. आक्षेप रास्त आहे, जरी एवढा मोठा फरक केवळ योगायोगानें पडत नाहीं. पण शेजारीं शेजारीं मोजण्याचें कामहि महाडलाच झालें, आणि तें एका वेगळ्याच वादावर. हाफकिनच्या औषधनिर्मिति मंडळानें तांबड्या विंचवाच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनविलें होतें. त्याचा खरा उपयोग किती याविषयीं जगांत मतभेद होते. खुद्द गेरॉन यांचें मत प्रतिविषाच्या विरुद्ध होतें. बावस्कर पतिपत्नींनीं ७० रोग्यांचे ३५-३५ चे दोन गट पाडले. कोण कोणत्या गटांत जाणार हें डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां दैवावर सोंपविलें. एका गटास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनीं पाहतां पहिल्या गटांतील ८ जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यांतील ३२. बरें होण्यास लागलेला सरासरी वेळ एकीकडे सुमारें १८ तास, दुसरीकडे ८. हा निकाल २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. ज्या गोळीनें त्यांचें नांव जगभर झालें ती एकटी पुरेशी नाहीं, हें त्यांनीं स्वतःच मोजून जाहीर केलें. २०२२ सालीं डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तिच्यापेक्षां मला हा कागद मोलाचा वाटतो.

याच तांबड्या विंचवाच्या विषांतून १९९० सालीं आयबेरिओटॉक्सिन नांवाचें एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. मज्जातंतु व स्नायु यांतील पोटॅशियमचीं विशिष्ट दारें तें नेमकीं बंद करतें. म्हणून देशोदेशींच्या प्रयोगशाळांत शरीराचें सूक्ष्म कार्य तपासण्यासाठीं तें वापरलें जातें. आमच्या गोवऱ्यांखालचा हा प्राणी असा दूरवर पोंचला आहे!

दोन वर्षांमागें आमच्या शेजारच्या घरांतील सहा वर्षांच्या मुलीस तांबडा विंचू चावला. मीं तिचा हात हातांत घेतला, तो गार होता आणि घामानें ओला. वाहन लगेच मिळालें. आरोग्य केंद्रावरील तरुण डॉक्टरीण बाईंनीं प्रथम तिचे हातपाय चांचपले, रक्तदाब पाहिला, गोळी दिली, प्रतिविष टोंचलें आणि रात्रभर तिला आपल्या नजरेखालीं ठेविलें. पहांटे चारच्या सुमारास मुलगी बोट दुखतें म्हणून मोठ्यानें रडूं लागली. तिची आई घाबरून धांवली. डॉक्टरीण बाईंनीं तिचे पाय चांचपून पाहिले. ते ऊन लागत होते. त्या हंसून म्हणाल्या, "रडूं द्या तिला ताई, विष ओसरूं लागलें कीं चावल्या जागीं कळ परत येते."