तैलसंचयी कवके
शुष्क वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक मेद पेशींत साठवणाऱ्या कवकांना (बुरशींना) तैलसंचयी कवके म्हणतात. संवर्धन माध्यमातील नायट्रोजन संपून शर्करा शिल्लक राहिली, की पेशींची वाढ मंदावते. मायटोकॉन्ड्रियाबाहेर आलेल्या सिट्रेटापासून असिटिल-कोएन्झाइम ए व त्यापासून मेद तयार होतो. मात्र नायट्रोजन आरंभापासूनच तुटपुंजा असल्यास कवकाची वाढच खुंटते आणि एकूण तेल कमी मिळते. पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटीतील अशा कवकांच्या तेलाचा जैवडिझेलसाठी पुणे विद्यापीठात अभ्यास झाला (२०१२). स्वस्त कार्बनस्रोत म्हणून शेतातील काडीकचरा सुचविला जातो. जव्हार-मोखाड्यात होणाऱ्या भाताच्या पेंढ्यात कार्बन विपुल, नायट्रोजन अल्प असतो. परंतु त्यातील शर्करा सेल्युलोजात बद्ध असते, शिवाय पेंढा हा गुरांचा चाराही आहे.