कीतोचे नभोवाणी केंद्र आणि परवानगीचा प्रश्न

आपल्या देवघरात पूजा करण्याचा हक्क असणे ही एक गोष्ट. आपला धर्मविचार शेजाऱ्याच्या घरात ऐकू जाईल अशा रीतीने बोलण्याची मुभा मिळणे ही अगदी निराळी. हा भेद स्पष्ट करणारे एक उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या इतिहासात सापडते.

इक्वेडोर देशाची राजधानी कीतो. तेथे २५ डिसेंबर १९३१ रोजी एका बिऱ्हाडाच्या दिवाणखान्यातून 'एचसीजेबी' या ख्रिस्ती नभोवाणी केंद्राचा पहिला कार्यक्रम प्रसारित झाला. यंत्राची शक्ती जेमतेम दोनअडीचशे वॅट. क्लॅरेन्स जोन्स या अमेरिकी मिशनऱ्याने ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजविले, तर त्याचा सहकारी र्‍यूबेन लार्सन याने स्पॅनिशमध्ये प्रवचन केले.

वकिली करणाऱ्या माणसाची नजर यंत्राआधी करारनाम्याकडे वळते. १९२८ साली जोन्स व्हेनेझुएला, कोलंबिया, पनामा आणि क्यूबा या चार देशांत परवानगीसाठी हिंडला. चारही ठिकाणी नकार पदरी आला. इक्वेडोरची बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक, आणि हे मिशनरी प्रॉटेस्टंट. परंतु १८९५ च्या उदारमतवादी क्रांतीनंतर तेथे १९०६ च्या राज्यघटनेने चर्च आणि राज्यसंस्था विभक्त केल्या होत्या. म्हणूनच १९३० साली या अल्पसंख्य पंथाला २५ वर्षांचा करार मिळू शकला.

तज्ज्ञांचे मत मात्र प्रतिकूल होते. विषुववृत्ताजवळ, डोंगरांच्या कुशीत केंद्र उभारू नये, असा त्यांचा सल्ला होता. कीतो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे. यंत्राची शक्ती वाढली तेव्हा तेथील विरळ हवेत आकाशतारेच्या टोकांशी ठिणग्या उडून धातू वितळू लागला. अभियंता क्लॅरेन्स मूर याने यावर तोड काढली. त्याने तारेला मोकळी टोकेच ठेवली नाहीत. तिचा चौकोनी वेढा केला. ही 'क्वाड' आकाशतार पुढे जगभरातील हौशी रेडिओप्रेमींनी उचलली.

धर्मप्रसार हा या केंद्राचा उघड हेतू होता आणि तो त्याने कधी लपविला नाही. परंतु केवळ प्रवचनांवर ते जगले, असे म्हणता येणार नाही. स्पॅनिशबरोबरच डोंगराळ भागातील किचुआ भाषेतही कार्यक्रम होऊ लागले. ज्या कुटुंबांची बोली राजधानीच्या दरबारात कोणी विचारीत नव्हते, त्यांना ती आपल्या घरात ऐकू आली. १९५५ साली याच संस्थेने कीतोत 'व्होझांदेस' हे रुग्णालय उघडले. करार सरकारने दिला खरा. घरात जागा मात्र अशा सेवेनेच मिळते.

आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. पोर्तुगीज अमलाखाली देवळांवर गदा आली तेव्हा १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला नेण्यात आला. तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीचा होता. परधर्मी राजवटीच्या छायेत आपल्या देवाला आसरा मिळाला, ही आठवण आपण जपली आहे. म्हणून दुसऱ्या अल्पसंख्य समाजाने परवानगी मागितली, की केवळ त्याचा धर्म पाहून तिचा निवाडा करणे आपल्याला शोभणार नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. पुढे खासगी एफएम परवान्यांच्या धोरणात धार्मिक संस्थांना अपात्र ठरविण्यात आले. तेढ टळावी, ही त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. मात्र ते बंधन मंदिराला आणि चर्चला सारखेच लागू असावे. न्यायाची कसोटी तीच.

नवा विमानतळ बांधावयाचा म्हणून २००९ साली कीतोजवळील पिफो येथील लघुलहरींचे प्रक्षेपण थांबले आणि तेथील मनोरे उतरविण्यात आले. ज्यांच्या घरी तो आवाज आपल्या बोलीत पोचला होता, त्यांच्या स्मरणातून मात्र तो तितक्या सहजी उतरविता येणार नाही.