‘स्पॅनिश फ्लू’ हे नाव कुणी दिलं?

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात, हे तुम्ही कोरोनाच्या काळात अनेकदा वाचलं असेल. नावावरून कुणालाही वाटेल की साथ स्पेनमध्ये सुरू झाली. तसा पुरावा मात्र नाही. हे नाव आलं ते वर्तमानपत्रांमुळे.

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. लढणाऱ्या देशांत बातम्यांवर सरकारी बंधनं होती. सैनिक तापाने आडवे झालेत हे शत्रूला कळू नये, लोकांचा धीर खचू नये, म्हणून अशा बातम्या दाबल्या जात. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत शेकडो सैनिक आजारी पडले होते. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. स्पेन मात्र तटस्थ होता. तिथली वर्तमानपत्रं मोकळेपणाने लिहीत होती. मे महिन्यात माद्रिदमध्ये साथ आली, राजा तेरावा अल्फोन्सोही आजारी पडला आणि ती बातमी जगभर गेली. ज्याने खरं सांगितलं, त्याच्याच नावावर रोग चिकटला!

आपल्याकडेही असंच झालं. जून १९१८ मध्ये मुंबईत साथ पसरली. मुंबईचे आरोग्य अधिकारी बंदरात आलेल्या जहाजाला दोष देत होते, तर सरकार म्हणत होतं की खलाशांनाच मुंबईत लागण झाली. या वादात साथ थांबली नाही. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे अंदाज आहेत.

इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात: पहिली बातमी, पहिला नोंदलेला रुग्ण आणि रोगाचा खरा उगम. फ्लूची लक्षणं लागणीनंतर साधारण दोन दिवसांनी दिसतात, अनेकांना त्रास सौम्य असतो. त्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत विषाणू बराच पुढे गेलेला असतो. १९१८ च्या विषाणूची पूर्ण जनुकीय रचना, जपून ठेवलेल्या ऊतींवरून, २००५ साली समजली. तो पक्ष्यांतल्या विषाणूंशी मिळताजुळता निघाला. तरीही त्याची सुरुवात नेमकी कोणत्या गावी झाली, यावर आजही एकमत नाही.

नावात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. २००९ चा ‘स्वाइन फ्लू’ आठवा. तो पसरत होता माणसाकडून माणसाला. पण इजिप्तमध्ये, देशात एकही रुग्ण नसताना, सरकारने सुमारे तीन लाख डुकरं मारण्याचा आदेश काढला. कैरोत कचरा गोळा करणारी गरीब कुटुंबं ओला कचरा खाऊ घालून ही डुकरं पाळत. त्यांचं उत्पन्न बुडालं आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. अशा अनुभवांनंतर मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की नव्या रोगांना देश, समाज किंवा प्राण्यांची नावं देऊ नका.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक ठिकाणाहून रोग आला’ असा मथळा दिसला, की स्वतःला विचारा: रोग तिथे सुरू झाला, की तिथे आधी तपासला गेला आणि छापला गेला? उत्तर मिळेपर्यंत तो मेसेज पुढे पाठवू नका. साथीची पहिली खबर देणाऱ्यालाच दोषी ठरवलं, तर पुढच्या साथीची खबर आपल्याला उशिराच मिळेल.