समलिंगी विवाह, नागरी व धार्मिक : गुरुग्राम

गुरुग्राममधील समलिंगी कॅथलिक जोडप्याला नागरी आणि धार्मिक, दोन्ही विवाह आज बंद आहेत. २०११ मध्ये, शहर गुडगाव असताना, तेथील न्यायालयाने एकत्र राहणाऱ्या दोन तरुणींना पोलीस संरक्षण दिले. वृत्तपत्रांनी त्याला विवाहमान्यता म्हटले, पण ते जिवाचे रक्षण होते, विवाहाची नोंद नव्हे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यातच पुरुषाचे वय २१, स्त्रीचे १८ असे धरले आहे, म्हणजे विवाह स्त्री-पुरुषाचाच गृहीत आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विवाहहक्क नाकारला.

गुरुग्राम दिल्लीच्या महाधर्मप्रांतात येते, तरी या प्रश्नावर चर्चमधला ठळक आवाज मुंबईचा. २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७वे कलम पुन्हा लागू झाले तेव्हा तेथील कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्यास विरोध केला, मात्र त्यांच्या विवाहालाही. ही भूमिका अपुरी असली, तरी त्या दिवसांत धैर्याची होती.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्यास मुभा दिली. पण त्यात लग्नाचा पोशाख नको, विवाहविधीतील शब्द नकोत. नंतरच्या खुलाशानुसार प्रार्थना दहा-पंधरा सेकंदांची. श्रद्धा जपणाऱ्या जोडप्याला हे फारच थोडे आहे. शिवाय नागरी विवाहाला चर्चच्या संमतीची गरजच नाही. घटस्फोटितांचा पुनर्विवाह चर्च मानत नाही, कायदा मानतो.