माणशी अर्धा एकर

आमच्या घरात दुष्काळाच्या गोष्टीआधी सावकाराची गोष्ट सांगितली जायची. आबा, म्हणजे माझे आजोबा, ती त्यांच्या आज्याकडून ऐकलेली सांगत. त्यामुळे तिच्यात 'मी पाहिलं' असं कुठेच नसायचं, तरी ऐकताना वाटायचं की आबा स्वतःच सुप्याच्या बाजारात उभे होते. आमचं गाव पुरंदरच्या पूर्व अंगाला, कऱ्हेच्या खोऱ्यात. सासवडकडचे ढग आमच्यापर्यंत येईतो रिकामे होतात. पहाटे बैलगाडी जुंपली की दुपारपर्यंत सुपं गाठता यायचं, म्हणून आमच्याकडची माणसं तिथल्या बाजाराला जायची.

आबांना तारीख ठाऊक नव्हती. "उन्हाळा सरत आल्याला, मिरगाच्या आधी," एवढंच ते सांगत. पुढे मी शिकायला पुण्यात आले तेव्हा पुस्तकात तारीख सापडली : १२ मे १८७५. त्या दिवशी सुप्याच्या बाजाराला आलेले शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. आबांच्या गोष्टीत दागिन्यांचा उल्लेख कधी आला नाही. लोकांनी कागद मागितले. खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. दिले तिथे फारसं काही झालं नाही, दिले नाहीत तिथे मारहाण झाली, आग लागली. पुढच्या काही आठवड्यांत हेच शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जतकडच्या गावांत घडलं. शेकडो माणसं पकडली गेली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही तेच नोंदवलं, की लोकांचा रोख कर्जाच्या कागदांवर होता. आबांची तोंडी गोष्ट आणि साहेबांचा छापील अहवाल इतके जुळलेले पाहून माझा आबांच्या इतर गोष्टींवरचाही विश्वास वाढला.

पण आबा सावकाराला राक्षस करत नसत. "सावकार पेशवाईतबी हुता," ते म्हणत. "त्याच्या पाठीमागं कचेरी उभी ऱ्हायली, मंग तो बदालला." या एका वाक्यात जे आहे ते समजायला मला बरीच वर्षं वाचावं लागलं. पेशवाईत सावकाराला गावाची मर्जी सांभाळावी लागे. वसुलीचं भांडण गावच्या पंचायतीपुढे येई आणि पंचायतीत ऋणकोचे सोयरेही बसलेले असत. १८१८नंतर इंग्रजांनी रयतवारी आणली. गावाने मिळून भरायचा सारा आता एकेका शेतकऱ्याच्या नावावर आला, तोही रोख पैशात आणि ठरल्या तारखेला, पीक येवो वा न येवो. १८३६ साली नव्या पद्धतीची पहिली जमाबंदी झाली ती आमच्या शेजारच्या इंदापुरात. हप्त्याची तारीख आली की सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सावकाराला वसुलीसाठी गावाची गरज नाही, कारण दिवाणी न्यायालय आहे. जमीन विकता येते, गहाण टाकता येते, म्हणून ती लिलावातही निघते.

यात १८५९च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जरोखा तीन वर्षांत बाद होऊ लागला. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता म्हणतात. झालं उलटंच. सावकार तीन वर्षं भरायच्या आत नवा रोखा लिहून घेई आणि त्यात साठलेलं व्याज मुद्दल म्हणून घाली. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत गेलं तर दामदुपट कशाला लावणार? अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि न्यायाधीश कागदाच्या पलीकडे पाहत नव्हता.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारही हात सैल सोडून उधारी देऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी संपून नवे दर लागू झाले, काही गावांत दीडपट, कुठे त्याहूनही चढे. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी, पाणक्या, कामकरी, कुणी त्याच्या दारात जाईना. सुपं त्यानंतरचं. दूरच्या देशात युद्ध थांबतं आणि कऱ्हेकाठच्या कुणब्याचा बैल जप्त होतो, हे आबांना अर्थशास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसतं. पण 'अंब्रिकेचा कापूस' हे शब्द त्यांच्या गोष्टीत होते.

१८७९ साली कायदा झाला. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन हिशेब तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. चांगला कायदा. त्यावर सावकारांनी गहाणखत लिहून घेणंच कमी केलं आणि सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले : जमीन विकली असं कागदावर, पैसे फेडलेस की परत देईन असं तोंडी. आमची विहिरीखालची जमीन अशीच गेली. आबांचे वडील पैसे घेऊन गेले तेव्हा तो तोंडी वायदा कुणालाच आठवेना. आबा हे सांगताना चिडत नसत. हाताची बोटं मोजत, त्या जमिनीत कुठलं पीक कुठल्या साली किती आलं असतं, ते.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. ती आबांना माहीत नव्हती आणि आमच्या तालुक्यातही फारशी कुणाला माहीत नाही. १८८०च्या दशकात विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्यांसाठी कृषी बँकेची योजना आखली. जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची आणि पुढे माफक व्याजाने भांडवल पुरवायचं, असा बेत होता. प्रयोगासाठी तालुका निवडला पुरंदर. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं, लंडनहून नकार आला. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला १९०४ उजाडलं. मधली वीस वर्षं म्हणजे आमच्यासारख्या घरांची एक पिढी. त्याच दशकात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. फुल्यांचं घराणं आमच्याच तालुक्यातल्या खानवडीशी जोडलेलं. शेतकरी का नागवला जातो याचं उत्तर त्यांनी सावकारापाशी थांबवलं नाही. सरकारी कामगार, भटशाही आणि विद्येचा अभाव या सगळ्यांपर्यंत ते गेले.

आबांच्या गोष्टीतली उणीव आजीने दाखवली. आजी दळता-कांडताना ऐकत असायची. एकदा मध्येच म्हणाली, "ज्याच्याकडं जाळायला कागूदच न्हवता, त्याचं काय सांगत न्हाई तुम्ही." गावात अशी घरं बरीच होती. ज्यांच्या नावावर गुंठा नाही त्यांना तारणावर कर्ज कोण देणार? ती सालगडी राहत, नाहीतर बलुत्यावर जगत.

बलुत्याविषयी हल्ली फार गोड लिहिलं जातं. पैशावाचून चालणारं, एकमेकांना धरून असलेलं गाव, वगैरे. आजीला खळ्यावरची वाटणी आठवत होती. कुणाला रास भरून, कुणाला खळ्याच्या कडेला पडलेलं, मातीमिश्रित. महारवाड्यातल्या माणसाने रात्री-अपरात्री सरकारी टपाल न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि हक्काच्या वाट्यासाठीही हात पसरून उभं राहायचं. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्धचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९२८ साली मांडलं. वतनं कायद्याने संपायला १९५८ साल लागलं. पैसा नव्हता म्हणून ती व्यवस्था न्यायाची होती, असं आजीसमोर कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला उखळापाशी बसवून सगळं ऐकवलं असतं.

१९७२चा दुष्काळ मी स्वतः पाहिला, लहान वयात. विहिरी तळाला गेल्या. खडी फोडायच्या कामावर आई आणि थोरली चुलती जायच्या, आम्ही पोरं झाडाच्या सावलीत. मिळालेल्या मिलोच्या भाकरी लालसर आणि खरबरीत व्हायच्या. सुकडी मात्र आम्हाला आवडायची. त्या कामांवर मराठा, माळी, धनगर, बौद्ध सगळ्या बाया एका रांगेत बसून एकच खडी फोडत. आजी म्हणे, "दुस्काळानं सम्द्यांला एका जागी आणलं, पान्यानं परत येगळं केलं." पाऊस पडला की ज्याची विहीर त्याचं पाणी, आणि ज्याची जमीन त्याची विहीर.

त्याच दुष्काळात पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळी कामं पाहत फिरत होते. त्यांनी नायगावला देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेतली, तिथेच मुक्काम केला, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, खाली विहीर खणून पाणी वर उचललं. ज्या उतारावर कुसळं उगवत तिथे पिकं उभी राहिली. असे प्रयोग पुढे आणखीही झाले. साळुंख्यांचं वेगळेपण तिथून काढलेल्या नियमांत आहे, आणि त्यांतूनच पाणी पंचायत उभी राहिली.

पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. मग त्याची जमीन पन्नास एकर असो. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर तेवढाच हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. ऊस लावायचा नाही, बारमाही पाणी पिणारं काही लावायचं नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी आधी भरायचा, निम्मा सरकारी अनुदानातून, उरलेला साळुंख्यांच्या प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. आणि पाणी वाटायला पाटकरी लोकांनीच नेमायचा.

आमच्या भागात या नियमांवर रात्र-रात्र बैठका झाल्या. आबा तेव्हा थकले होते, तरी बसायचे. सगळ्यांत जास्त वाद बिनजमिनीच्या माणसाच्या पाण्यावर व्हायचा. बागायतदार होऊ पाहणारे विचारत, "ज्याला रान न्हाई तो पानी काय डोक्यावर वतनार?" उत्तर व्यवहाराचं होतं : तो पाण्याचा वाटा घेऊन कुणाचं कोरडवाहू रान वाट्याने करेल. म्हणजे आजवर जमीनवाला अटी घालत होता, आता दोघांनाही एकमेकांची गरज पडणार. उसावरही तसंच भांडण. आमच्या खालच्या अंगाला, निरेच्या डाव्या कालव्यावर, १८८०च्या दशकापासून पाणी खेळतं. तिथला ऊस, साखर कारखाने, पक्की घरं आमच्या माणसांना रोज दिसत होती. तसं होऊ नये असं त्यांना कोण सांगणार? पण एका एकर उसाच्या पाण्यात कितीतरी एकर ज्वारी, गहू, भाजीपाला भिजतो. कऱ्हेच्या खोऱ्यात पाणी किती आहे हे मोजल्यावर त्या मागणीत दम उरत नव्हता. त्या बैठकांत माणसांनी स्वतःहून आपल्या वाट्याला मर्यादा घालून घेतली, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आजीला या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. वाटा माणशी म्हणजे बाईचाही आणि पोरीचाही मोजला जात होता. "आमची बी मुंडी मोजली," ती शेजारणीला सांगत होती. सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच नव्हतं.

पाणी पंचायत सगळीकडे टिकली नाही. काही योजना अजून चालतात, काही वीजबिलांत आणि भांडणांत बंद पडल्या. साळुंखे २००२ साली गेले. मोठा घाव घातला तो बोअरने. सामायिक पाझर तलावाखाली एकट्याने खोल छिद्र पाडलं की सगळ्यांचं पाणी त्याच्या पाइपात येतं, आणि त्यावर कुठलीच बैठक घ्यावी लागत नाही. कर्ज काढून बोअर मारायचा, तो कोरडा गेला की दुसरा. आमच्या भावकीत असं कर्ज झालेली घरं आहेत. आता धनको बँक आहे, पतसंस्था आहे, आणि त्या नाही म्हणाल्या की पुन्हा गावातलाच कुणीतरी, खरेदीखत करून मागणारा.

२००५ साली राज्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. पाणी वापर संस्थांना त्याने अधिकार दिले, आणि ते चांगलंच झालं. पण त्या संस्थेचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. आमच्या बैठकांत जो वाद रात्री उशिरापर्यंत चालून बिनजमिनीच्या माणसाच्या बाजूने सुटला होता, तो कायद्यात शिरलाच नाही. मला तो तिथे हवा आहे. धरणाचं पाणी सगळ्यांच्या पैशाने अडवलं जातं, बुडालेल्या गावांतल्या भूमिहीनांच्या घरांवरून अडवलं जातं. त्यातला माणशी वाटा कायद्याने लिहिला, तो विकत न देता कसायला देता येईल अशी तरतूद केली आणि त्यात बायकांची नावं स्वतंत्र घातली, तर काय होईल याचा प्रयोग पुरंदरात एकदा झालेला आहे. त्यातलं काय चाललं आणि काय मोडलं, हे सांगू शकणारे पाटकरी आणि बैठकांना बसलेल्या बायका अजून हयात आहेत. नवी नियमावली लिहायला बसणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे जावं, आणि लवकर जावं.