आत्याची महेश्वरी, आजीची वाकळ

इंदूर म्हटलं की लोकांना पोहे-जिलबी आणि सराफ्यातली रात्रीची गर्दी आठवते. मला आठवते ती आमच्या घरातली एक वाकळ. इंदूरला दिलेली आत्या माहेरी आली की आपली जुनी लुगडी आजीकडे ठेवून जायची. त्यांतल्या एका नऊवारीची आजीने वाकळ शिवली. किनार मात्र टाकली नाही, चारी बाजूंनी तीच फिरवली. ते कापड महेश्वरचं होतं हे मला फार उशिरा कळलं.

महेश्वर इंदूरपासून साधारण 90 किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी. 1767 साली होळकरांचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला आणि राजधानी महेश्वरला गेली. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, अहिल्याबाई चौंडीच्या. म्हणजे राज्यकर्तेच परगावचे! त्यांच्यामागून मराठी कुटुंबं माळव्यात आली. त्या घरांतल्या बायकांना हवं होतं नऊवारी लुगडं. परंपरा सांगते की बाईंनी बाहेरगावचे विणकर बोलावून महेश्वरात वसवले. आज आपण जिला कौतुकाने ‘महेश्वरी’ म्हणतो, ती अशी दोन स्थलांतरांतून जन्मली. नेसणाऱ्याही बाहेरून आलेल्या, विणणारेही. दोघांनी मिळून नर्मदेच्या लाटा तेवढ्या किनारीत घेतल्या.

1818 च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. महेश्वरचा राजाश्रय आटला, पुढे गिरणीच्या कापडाने बाजार व्यापला आणि माग बंद पडत गेले. 1979 साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ काढली. रेवा म्हणजे नर्मदा, तिच्यावरून हे नाव. गावातल्या बायका तिथे मागावर बसल्या आणि ती कला पुन्हा पोट भरू लागली.

अहिल्याबाईंचं नाव महेश्वरात पावलोपावली आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या पहिल्या विणकरांची नावं कोण सांगणार? आपल्या गोव्यातही तेच. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली प्रियोळला आला, हे आपण पाठ म्हणतो. देवामागून नदी ओलांडणाऱ्या बायकांनी गाठोड्यात काय बांधून घेतलं होतं, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

मीही आत्याला विचारलं नाही. लग्न होऊन ती एवढ्या दूर गेली, तेव्हा तिथली हिंदी तिला येत होती का? ते लुगडं कुणी घेऊन दिलं? तिची अगदी जवळची लुगडी ती इथेच का ठेवून जायची? आता आत्या नाही, आजी नाही. वाकळीचाही एक कोपरा तेवढा उरलाय. त्यावर आजीचे धावदोऱ्याचे टाके अजून घट्ट आहेत.

तुमच्या घरात जुनी वाकळ असेल तर ती टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर पसरा. एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं, कुठून आलं? जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा.